सुजाताची अभिक्रिया

कुणी मला प्रामाणिक म्हटलं की माझं डोकं फिरतं. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत मी सांडपाणी तपासतो. एखादा कारखानदार आकडा जरा खाली घ्या म्हणाला, तर त्याला दाराबाहेर काढतो. बायको हे पाहुण्यांना कौतुकाने सांगते. तिलाही ठाऊक नाही, जे आता तुम्हाला सांगतोय.

तरुणपणी मी विद्यापीठात संशोधन करत होतो. शेजारच्या टेबलावर सुजाता – केळापूरची, बौद्ध घरातली, त्या घरातून प्रयोगशाळेत पाऊल टाकणारी पहिलीच. एका जिल्ह्याचे म्हणून आम्ही आपसात आपली बोली बोलायचो. माझ्या काटेकोरपणाला ती हसायची. "तू तं बाप्पा, आंघोळीचं पाणीबी मोजून घेत असशीन!"

तिचं काम साधं करून सांगतो. डीएनए म्हटलं की आपल्याला आईबापाकडून आलेले नाक-डोळे आठवतात. पण प्रयोगशाळेत बनवलेला त्याचा आखूड, एकेरी धागा ठरावीक घडीत बसला, तर तो रासायनिक अभिक्रिया घडवून आणतो आणि स्वतः खर्ची पडत नाही. सुजाताचा धागा पेप्टाइडला – म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्याला – दुसरा रेणू जोडायचा. एरवी जे घडतच नाही, ते रात्रभरात. फक्त पाण्यात किंचित झिंक लागायचं.

मार्गदर्शक सरांना पटेना. त्यांनी तोच प्रयोग मला करायला सांगितला. मी केला. काही नाही. पुन्हा केला. काही नाही. विभागाच्या बैठकीत सर म्हणाले, याच्या हातून होत नाही म्हणजे ते होतच नाही. मागून कुणीतरी पुटपुटलं, "सवलतीवर आलेल्यांचं हे असंच." सुजाताने ऐकलं. मीही ऐकलं. तेव्हा मला राग आला? नाही. मला – लिहायचीही लाज वाटते – मला बरं वाटलं. सरांनी माझं नाव घेतलं होतं ना!

बैठकीनंतर बाटल्या आवरताना लक्षात आलं. सुजाता धागा नुसत्या शुद्ध पाण्यात विरघळवायची. मी मात्र – शहाणा माणूस! – तो टिकावा म्हणून ईडीटीए घातलेल्या द्रावणात. डीएनए तसाच ठेवायचा, असं आम्हाला शिकवलेलं. पण ईडीटीए धातू धरून ठेवतं. होतं नव्हतं ते झिंक त्यानेच अडकवलं होतं. मी कुणाला न सांगता, साध्या पाण्यातला धागा घेऊन प्रयोग परत लावला. दुसऱ्या दिवशी जोडलेलं पेप्टाइड समोर होतं. शंकेला जागाच नव्हती.

ती नळी मी बेसिनमध्ये ओतली.

का? सरांना घाबरलो म्हणू? खोटं होईल, सरांनी ऐकून घेतलं असतं. घरची अडचण? नव्हती. 'याचं चुकलं' एवढं माझ्याबद्दल कुणी म्हणू नये, बस्स. एवढ्यासाठी – एवढ्याशा गोष्टीसाठी – एका मुलीला मी खोटारडी ठरू दिलं. तिने संशोधन सोडलं तेव्हा तिची पुस्तकं बांधायलाही मदत केली. वर शहाणपणाचे चार शब्द सांगितले! पुढे इतरांनी डीएनएकडून पेप्टाइडवर अशी कामं करून घेतल्याचं वाचलं आणि पान उलटलं.

गेल्या वर्षी पांढरकवड्याच्या बसस्टँडवर ती भेटली. शाळेत विज्ञान शिकवते. पोराबाळांची चौकशी झाली. मग म्हणाली, "एक विचारू का रे? तवा तुह्या हातून खरंच नोतं झालं?"

चिडून नव्हे, अगदी सहज. चिडली असती तर? तरीही मी खरं बोललो असतो, असं आज छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. आता कसली भीती होती? ना सर, ना बैठक. बसस्टँडवर आम्ही दोघंच.

"नाही झालं," मी म्हणालो.

"मंग माहंच काही चुकलं असन." ती हसली. "शाळेतल्या पोरींना मी सांगत असते – आपला निकाल दुसऱ्याच्या हातून निघाला नाही, तं गुमान आपली चूक मानायची. माहंच उदाहरण देते त्याईले."

"बरोबर सांगतेस," म्हणालो, आणि बसमध्ये चढलो.