ताईने निवडलेला खजुरी रंग

ताई कॉलेजात असतानाच तिचे केस पिकायला लागले. आधी कानशिलाजवळ, मग भांगात. आम्ही नाशिक रोडला, बाबांच्या नोकरीमुळे मिळालेल्या क्वार्टरमध्ये राहायचो. रविवारी दुपारी शेजारपाजार झोपला की आई ताईला मोरीत बसवायची आणि पुडीतला काळा डाय कालवून तिच्या डोक्याला फासायची. वास बाहेर जाऊ नये म्हणून उदबत्ती लावायची.

पुढे ताईच्या कानामागे चट्टे उठले. एकदा पापण्या इतक्या सुजल्या की तिला परीक्षेला बसता आलं नाही. डॉक्टरांनी डाय बंद करायला सांगितलं. पण तेव्हाच स्थळं यायला सुरुवात झाली होती.

शेवटी आई आम्हा दोघींना पार्लरमध्ये घेऊन गेली. पार्लरवाल्या काकूंनी शेड कार्ड काढलं. जाड पुठ्ठ्यावर नायलॉनच्या केसांचे छोटे छोटे झुपके चिकटवलेले होते. काळा, गडद तपकिरी, चॉकलेटी, तांबूस, मधासारखा.

"काळा कडक असतो," काकू म्हणाल्या. "ब्राऊन तेवढा बाधणार नाही. शिवाय मुळाशी पांढरं आलं तरी लगेच दिसत नाही. पुढे दोन-चार बटा फिक्या ठेवू, हायलाइट. म्हणजे कुणाला शंकाच यायची नाही."

"भुरके केस घेऊन उभी राहिली तर करील का कुणी तिला?" आई म्हणाली.

"हल्ली फॅशन आहे, वहिनी."

ताई मात्र खिडकीपाशी गेली होती. एकेक झुपका मनगटावर धरून उजेडात बघत होती. मधासारखा तिने लगेच सोडला. तांबूस झुपक्यापाशी थोडी थांबली, हसली आणि मान हलवली. मग खजुराच्या रंगाचा एक झुपका बराच वेळ धरून म्हणाली, "हा. आणि केस खांद्यापर्यंत कापा, स्टेप्समध्ये." आईकडे न बघता, तिला न विचारता ताईने काही ठरवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. काकूंनी कानामागे रंगाचा ठिपका लावून दोन दिवस वाट बघितली. काही झालं नाही. मग डोकं रंगवलं. ताई फार सुंदर दिसत होती. घरी आल्यावर बाबासुद्धा म्हणाले, "अरे वा."

नांदगावचं स्थळ आलं ते त्यानंतर. मुलाचं कापडाचं दुकान होतं. तो मोजकंच बोलायचा, पण ताईशी बोलताना तिच्याकडे बघून बोलायचा. त्याच्या आईने पोहे खाता खाता विचारलं, "केस असेच हायेत का मुलीचे?"

"आमच्याकडे सगळ्यांचेच जरा भुरके," आई म्हणाली. माझी काळीभोर वेणी पाठीवर होती. आईने मला पाणी आणायला आत पाठवलं आणि परत बाहेर येऊ दिलं नाही.

लग्न झालं. पहिले काही महिने ताई रंग लावायला माहेरी यायची. पुढे सासूबाई म्हणाल्या, सारखं सारखं काय माहेर. मग रंगाचा खोका मी नेऊन द्यायला लागले. चिवड्याच्या डब्यात तळाशी खोका, वर कागद, त्यावर चिवडा. ताई घरात कुणी नसताना जुन्या टूथब्रशने रंग लावायची. पुन्हा खाज सुटली होती, पण हे तिने मलाही सांगितलं नाही.

एका दुपारी भावोजींचा फोन आला. "ताबडतोब या. हिला काय झालंय कळत नाही."

आम्ही पोचलो तेव्हा ताईचे डोळे उघडत नव्हते. चेहरा ओळखू येत नव्हता आणि टाळूतून पाणी गळून उशी भिजली होती. तिला नाशकात आणून दवाखान्यात ठेवलं. त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या, केस पूर्ण काढावे लागतील, त्याशिवाय औषध लागणार नाही. आणि यापुढे कुठलाच रंग नाही.

आई हळूच म्हणाली, "डॉक्टर, दुसरी एखादी शेड चालणार नाही का?"

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं आणि नर्सला केस काढायची तयारी करायला सांगितलं. 

काही दिवसांनी सूज उतरली, डोक्यावर खुंट उगवले. सगळे पांढरे. भावोजी आले ते दारातच थांबले. मग आत येऊन स्टुलावर बसले.

"हे कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून," ताई म्हणाली.

त्यांनी ताप आहे का विचारलं. पेरूची पिशवी खाटेजवळ ठेवली. रविवारी येतो म्हणाले आणि गेले. रविवारी आले नाहीत. त्यांच्या आईचा फोन आला. "केसांचं काय नाय हो. माझेबी लवकर पिकले. पण तुम्ही तोंडावर खोटं बोललात." आईने रिसीव्हर खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी होती ती.

ताई माहेरीच राहिली. लोक तिच्या डोक्याकडे बघायचे, म्हणून आई तिला स्कार्फ बांधायला लावायची. पुढे मला बघायला पाहुणे यायचे ठरले तेव्हा आईने तिला चार दिवस घोटीला मावशीकडे जायला सांगितलं. ताईने पिशवी भरली. पाहुण्यांनी मोठ्या बहिणीबद्दल विचारलं, तर बाबा म्हणाले, "ती घोटीला असते." ते खोटं ताईनेच खरं केलं. ती परत आलीच नाही. तिथल्या एका बालवाडीत नोकरी धरली आणि मावशीच्या घरामागची खोली घेतली.

माझ्या लग्नानंतर मी तिला भेटायला गेले. केस मानेपर्यंत वाढले होते, कापसासारखे. बालवाडीतली मुलं तिला आजी म्हणतात, असं तिने सांगितलं. तिशीही उलटली नव्हती तिची.

"तो आला होता," ती एकदम म्हणाली. "सोडचिठ्ठीच्या कागदावर सही घ्यायला. त्याचं दुसरीकडे ठरलंय."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मला आधी सांगितलं असतंस तर. मी विचारलं, तर काय केलं असतंस?  म्हणाला, माहीत नाही."

 बाहेर गिरणीचा आवाज चालू होता.

"खोटं नाही बोलला," ताई म्हणाली. "चहा केला मी त्याला. बशीत ओतून प्यायला, नेहमीसारखा. आणि मी सही केली."