बारा टेबलांसाठी ट्रकच्या फळ्या

"पदवी घेऊन भंगार कशाला हुंगत फिरतेस?" असं बाबा विचारतात. घरातली पहिली पदवीधर मी. आमच्या नाशिकच्या वस्तीतल्या बालवाडीला बारा बैठी टेबलं करून देईन, असं मी तिथल्या बाईंना सांगून बसले होते. त्यासाठी नवं झाड तोडायचं नाही, हा माझा हट्ट. मोडीत निघालेल्या ट्रकच्या तळाला जाड, मुरलेल्या फळ्या असतात आणि त्या तलासरीला हायवेलगत मिळतात, असं कळलं. म्हणून २०१७ च्या डिसेंबरात निघाले.

जव्हारमार्गे डहाणूची एसटी सकाळची धरा, आणि घाट संपेपर्यंत काही खाऊ नका. डहाणूत स्टेशनजवळच्या लॉजवर "बरोबर कोण?" हे मला दोनदा विचारलं गेलं. रात्री खानावळीत बोंबील फ्राय झकास होते. मी जेवत असतानाच वेटरने माझ्या टेबलाच्या तीन रिकाम्या खुर्च्या शेजारच्या कुटुंबासाठी उचलून नेल्या.

दुसऱ्या दिवशी चाळीस रुपयांत शेअरच्या इको व्हॅनने तलासरी गाठली. भंगारवाल्या गुजराती शेठनी फळ्यांची थप्पीच दाखवली. "बेन, सागवान छे! तुमची नातवंडं पण वापरतील." फळ्या सरळ, लांब, वर पांढुरकी झाक. मी खडूने खुणा करत सुटले. बारा टेबलं सहज होत होती.

शेजारी एक म्हातारे मिस्त्री ट्रकचे बोल्ट काढत होते. "काय ताई, लग्नाचा पलंग काय?"

"नाही हो काका, बालवाडीची टेबलं. पोरं त्यावर लिहितील, खिचडी खातील."

त्यांचा पाना थांबला. "गाडीत कसला माल जायचा, विचारलंस?"

मी लाकडाची जात, जाडी, कीड, सगळं विचारलं होतं. हे नव्हतं. त्यांनी फळीवर वीतभर रंधा मारला, चहाच्या टपरीवरून उकळतं पाणी आणून ओतलं आणि म्हणाले, "आता हुंग." नाकात तिखट झणका गेला. डोळ्यांत पाणी आलं.

"केमिकलची पिंपं वाहायची ही. लाकूड माल पितं, ताई. वरनं कितीही तास, आत राहतोच."

"अरे मिस्त्री, माझा धंदा बसवणार तू!" शेठ ओरडले.

"पोरं जेवणारेत त्याच्यावर, शेठ."

शेठ कानामागे खाजवत राहिले. मग म्हणाले, "घोलवडला जा बेन. एका वाडीत चिकूचा जुना टेम्पो मोडायला काढलाय."

खडूच्या खुणा मी ओढणीने पुसल्या. तेवढ्यात आईचा फोन. "मिळालं का गं?" मी म्हटलं, "बघतेय." फोन ठेवून घोलवडची गाडी शोधायला निघाले.

घोलवडच्या त्या वाडीत शेडमध्ये टेम्पो उभा होता. फळ्या आखूड, चिकूच्या चिकाने काळ्या पडलेल्या. मालकीणकाकूंकडून गरम पाणी मागून ओतलं. आंबूस गोड वास आला, बस्स. पण मापं घेतली तर जेमतेम पाच टेबलं.

"एकटीच आलीस? जेवलीस का?" काकूंनी विचारलं. दोन दिवसांत जेवणाचं विचारणाऱ्या त्या पहिल्याच. वालाची भाजी आणि भात मी मान खाली घालूनच खाल्ला.

नाशिकला भाजी भरायला रिकामे टेम्पो जातात, त्यातल्या एकात फळ्या आल्या. हा मार्ग स्वस्त आहे. पण फळ्या बांधायला स्वतः उभं राहा.

घरी आल्यावर त्या पांढुरक्या फळ्या डोळ्यांसमोरून हलेनात. पॉलिश मारून दिल्या असत्या तर नाशिकमध्ये कुणालाही कळलं नसतं. पूर्ण बारा टेबलं झाली असती. बाबांनाही दाखवता आली असती.

बालवाडीच्या बाईंना फोन केला. बारा नाहीत, पाचच होतील, आणि का ते सांगितलं. "मी पालकांना बारा सांगितलीत गं," एवढंच त्या बोलल्या. त्यांचा आवाज पडला होता.

फळ्या तासून टेबलं जोडली, सोमवारी ती पाचही हातगाडीवर घातली आणि बालवाडीत मांडून आले.