ढगोबाचे आठ दिवस

पाठीवर धुराचा पंप घेऊन डास मारत फिरणाऱ्या आमच्या शेजाऱ्याला सगळे ढगोबा म्हणतात. नाव मीच ठेवलं. त्याला ते आवडलं नाही, म्हणूनच टिकलं. नगरपालिकेत त्याची एकोणीस वर्षं झाली. पूर्वी गल्लीत महिन्यातून एकदा धूर करायचा, तोही चहा मिळेल या आशेने. आता दिवसाआड करतो, आणि आधी कठड्यावर बसून पोटभर खोकून घेतो.

हे कसं झालं ते मीच सांगतो. बाकीचे सांगणार नाहीत, सगळ्यांचेच हात बरबटलेत. गल्लीच्या टोकाला तळं आहे. त्यातले बेडूक ओरडायला लागले की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींची झोप मुळातच चिमणीएवढी. त्यांनी अर्ज लिहिला, आम्ही सह्या ठोकल्या. माझी सही सगळ्यांत मोठी. नगरपालिकेतल्या साहेबांनी ढगोबाला सांगितलं, तळ्यात झाकणभर औषध टाक. ढगोबा पडला कामसू. पुन्हा तक्रार नको म्हणून त्याने चार झाकणं ओतली.

आठवड्याभरात मासे उलटे तरंगले. मग बेडूक गप्प झाले, पाण्यावर फिरणारे चतुर दिसेनासे झाले. मावशी दोन महिने ढाराढूर झोपल्या. त्यानंतर डास परतले. त्यांना खाणारं मात्र कोणी परतलं नाही. दोनदा मासे आणून सोडले, तेही गेले. तळाच्या चिखलात औषध मुरलंय म्हणतात. तेव्हापासून घरटी एकजण तरी तापाने आडवा असतो.

ढगोबाला नात झाली. लेक दुसऱ्या शहरात राहते. तीन वेळा अंघोळ करून हा बघायला गेला, तरी लेकीला वास आलाच. बाळाची छाती नाजूक. नात त्याने दारातूनच पाहिली. निघताना लेक म्हणाली, बाबा, आठ दिवस पंपाला हात लावू नका, मग या, मांडीवर देते.

त्याने आयुष्यात पहिल्यांदा सलग आठ दिवसांची रजा काढली. बदली माणूस नव्हताच. बायकोने त्याचे सगळे सदरे उकळून काढले. तो उन्हात बसून राहायचा आणि मी रोज जवळ जाऊन, हुंगून निकाल द्यायचो. चौथ्या दिवशी सांगितलं, आता नुसता माणसाचा वास येतोय, तोही काही फार चांगला नाही. बऱ्याच महिन्यांनी तो हसला, आणि हसता हसता खोकला नाही.

तोवर गल्लीत डासांनी उच्छाद मांडला होता. सहाव्या दिवशी त्याची बायको थंडीने कुडकुडायला लागली. शिवणवाल्या मावशी जिना उतरून आल्या. एरवी त्यांचा आवाज त्यांच्या आधी खाली पोचतो; त्या दिवशी हळूच बोलल्या.

"दादा, पंप काढा."

"दोनच दिवस राहिलेत, मावशी."

"वहिनींकडे बघा तरी."

त्याने बघितलं. ती दोन गोधड्यांखाली दात वाजवत होती. म्हणाली, "अहो, तुम्ही जा नातीकडे. माझा ताप काय, उतरेल."

ती भांडली असती तर तो गेलाही असता. तो उठला, माळ्यावरचा पंप उतरवला, तोंडाला फडकं बांधलं आणि आधी स्वतःच्या घराभोवती, मग सगळ्या गल्लीत धूर सोडला. मी खिडकी लावून घेतली. तेवढंच मला जमतं.

परत आल्यावर पायरीवर बसून त्याने लेकीला फोन लावला. आईला ताप आहे हे सांगितलं, धुराचंही लपवलं नाही.

"आजपासून परत आठ धर," तो म्हणाला.

लेक काय बोलली ते मला कळलं नाही, आणि असल्या गोष्टी मी सहसा सोडत नाही. मागून बाळाचा आवाज येत असावा. हसतंय की रडतंय, हे पंपाच्या घरघरीने बसलेल्या त्याच्या कानांना उमगेना. फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावत तो बराच वेळ ऐकत राहिला.