द्रोणागिरीतलं शांत ऑफिस

नेरूळच्या जयमाला खेडेकरचा आवाज मोठा आहे, हे तिच्या सोसायटीत वॉचमनपासून सगळ्यांना ठाऊक आहे. तो जन्मजात नाही. साइटवर कटर आणि ड्रिल मशीन चालू असताना सुतारांशी बोलावं लागतं, त्यातून तो वर्षानुवर्षं तयार झाला आणि मग घरी आल्यावरही खाली उतरेना.

ती ऑफिसांचं इंटिरियर करते. सुरुवातीची बरीच वर्षं रबाळ्याच्या कारखान्यांत गेली. तिथल्या मालकांची मागणी ठरलेली असायची. कमी जागेत जास्त टेबलं, आणि साहेबांच्या केबिनला अशी काच, की आतून सगळे दिसले पाहिजेत. कोणाला कुठे बसवलं म्हणजे तो मोबाइल बघताना सापडेल, हे जयमालाला नुसता नकाशा पाहून कळायचं. या कौशल्याचा तिला अभिमान नव्हता, पण घर त्याच्यावर चाललं होतं.

अशात तिला बंदराजवळच्या द्रोणागिरीहून विश्वजित यांचा फोन आला. विश्वजितची कंपनी बंदरात आलेला माल कस्टममधून सोडवते, गोदामात ठेवते आणि ट्रकवर चढवून देते. हा धंदा ओरडल्याशिवाय होत नाही अशी त्यांची श्रद्धा होती, आणि ते ती रोज पाळत. शेवटी रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी दम भरला, आणि बायको त्यांना सुट्टीसाठी लाओसला घेऊन गेली. तिथे लुआंग प्राबांग गावात, मेकाँग नदीकाठी एका घराच्या ओसरीवर ते आठवडाभर बसून राहिले. परत आले ते वेगळेच होऊन.

"मॅडम, मला लाओ पाहिजे," ते म्हणाले.

"लाओ म्हणजे?"

"लाओसमधल्यासारखं. थायलंडच्या शेजारी देश आहे. तिथं कोणी ओरडतच नाही. आमची बोट दोन तास लेट, तरी सगळे हसतायत! ऑफिस तसं करायचं. आत पाऊल टाकलं की बीपी खाली आला पाहिजे."

"आणि तुमची काचेची केबिन?"

"काढून टाका. मीपण सगळ्यांत बसणार. खाली, चटईवर."

नव्या भक्ताशी वाद घालायचा नसतो, हे जयमालाला अनुभवाने माहीत होतं. एक फायबरचा बुद्ध, बांबूच्या चित्राचा वॉलपेपर आणि कोपऱ्यात पाण्याचं कारंजं एवढ्यावर भागेल, असा तिचा पहिला विचार होता. असं 'बाली' तिने तुर्भ्यात एकाला करून दिलं होतं. पण इंटरनेटवर पडद्याचं कापड शोधताना तिची लुआंग प्राबांगच्या एका विणकर बाईशी ओळख झाली. तिचं नाव नोय. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं होतं, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर छान जमलं. नोयने तिला आपलं खांबांवर उभं असलेलं घर फिरवून दाखवलं. शिडीपाशी काढलेल्या चपला, मोठी ओसरी, बुटक्या गोल टेबलाभोवती एकाच टोपलीतून चिकट भात खाणारी घरची माणसं. घरात वस्तू फारशा नव्हत्याच. जयमालाला वॉलपेपरची लाज वाटली आणि ती मनापासून कामाला लागली.

तिचा कंत्राटदार गोटीराम हा द्रोणागिरीजवळच्याच खाडीकाठच्या गावातला. तो मात्र गोंधळला.

"म्याडम, तुमी सकालपास्ना लाओ लाओ करताव, पन आनाचा काय त्ये तं सांगा!"

"आणायचं थोडंच, दादा. काढायचं जास्त आहे."

आधी पार्टिशनं निघाली, मग पांढऱ्याफटक ट्यूबा. जमिनीपासून गुडघाभर उंच लाकडी चौथरा आला आणि पुढे लांब ओसरी. चपला बाहेर. बुटकी टेबलं, आणि ज्यांचे गुडघे बोलतात त्यांच्यासाठी साधी बाकं. मधे मधे नोयने विणलेलं कापड, त्यावर नागाची नक्षी. भाताच्या टोपल्या उलट्या टांगून जयमालाने त्यांचे दिवे केले, तेव्हा नोय फोनवर हसून लोळायची बाकी राहिली.

"तुमच्याकडे जेवणाचे डबे डोक्यावर टांगतात का?"

मग तिने जरा संकोचत एक काम सांगितलं. तिचा भाचा लाओसच्या राजधानीत ट्रान्सपोर्टचं ऑफिस उघडत होता आणि त्याला ते अगदी मुंबईसारखं हवं होतं. काचेची केबिन, गोल फिरणारी खुर्ची, लख्ख पांढरा उजेड. जयमालाकडे काही फोटो आहेत का? जयमालाने रबाळ्याचे सगळे फोटो पाठवून दिले. तिच्या कामाला परदेशातून आलेली ती पहिली मागणी.

उद्घाटनाला विश्वजितनी सत्यनारायण घातला. त्यानंतर, नोयने समजावल्याप्रमाणे, दोरा बांधायचा कार्यक्रम होता. लाओ लोक मानतात की माणसात एक नाही, बत्तीस जीव असतात. दगदगीने, भीतीने ते इकडेतिकडे भटकायला निघतात. वडीलधाऱ्यांनी मनगटाला पांढरा दोरा बांधून त्यांना परत बोलवायचं असतं. ऑफिसात वडीलधारं म्हणजे हिशेब बघणाऱ्या मालतीबाई. कंपनी सुरू झाली तेव्हापासून त्या तिथे होत्या, आणि विश्वजितचं सर्वांत जास्त ओरडणं त्यांनीच ऐकलं होतं.

दोरा हातात घेऊन त्यांनी जयमालाला विचारलं, "बांधताना काय म्हणायचं असतं?"

"काही चांगलं. मनातलं."

मालतीबाईंनी साहेबांच्या मनगटाला गाठ मारली, डोळे मिटले आणि हात जोडून म्हणाल्या, "साहेब, तुमचा जीव एकदाचा थाऱ्यावर येऊ दे."

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. मग मागून गोटीरामचं खो खो हसू फुटलं, त्यापाठोपाठ अख्खं ऑफिस हसलं, आणि शेवटी विश्वजितसुद्धा. नंतर ते रुमालाने डोळे पुसत होते. उदबत्तीचा धूर गेला म्हणाले.

ऑफिस खरोखर शांत झालं. पूर्वी खिडकीशी भांडणारे ड्रायव्हर आता बूट काढून ओसरीवर टेकायचे आणि कागद होईपर्यंत एखादी डुलकीही काढायचे. विश्वजितनी सगळ्यांना तिकडचा एक वाक्प्रचार शिकवला, 'बो पेन न्यांग'. म्हणजे काही हरकत नाही, चालायचंच. लोक तो मनापासून शिकले. एके दिवशी एक कंटेनर कस्टममध्ये अडकला, गिऱ्हाईक फोनवर पेटलं, आणि विश्वजित धावत येऊन विचारू लागले, "सुटला का? सुटला का?" तेव्हा टेबलाशी बसलेल्या माणसाने हसतमुखाने वर पाहिलं.

"बो पेन न्यांग, सर. उद्या सुटेल."

विश्वजितच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. कंटेनर दुसऱ्या दिवशी सुटला, याचा तर त्यांना जास्तच राग आला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी जयमालाला बोलावून घेतलं.

"मॅडम, काहीतरी चुकलंय. ऑफिसात आवाजच नाही."

"सर, तुम्हाला तेच हवं होतं ना?"

"हो, पण हे लोक हळू बोलतात. मला ऐकू येत नाही. हळू बोलतात म्हणजे माझ्याबद्दलच बोलत असणार."

"काम अडतंय का?"

"नाही हो, तेच तर! काम होतंय. आधीपेक्षा लवकर होतंय. मी काही न बोलता होतंय. मग मी इतकी वर्षं..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. चटईवरून उठत ते म्हणाले, "चौथरा काढा. काच परत लावा."

बाहेर ओसरीवर मालतीबाई तिची वाटच बघत होत्या. "मॅडम, काढू नका हो," त्या म्हणाल्या. "आता कुठं मला घरी गेल्यावर जेवणाला चव लागतेय."

जयमाला विचार करत मागच्या गोदामात शिरली. तिथे मात्र जुनंच जग होतं. फोर्कलिफ्टची पीं पीं, मागे येणारे ट्रेलर, हमालांची हाकाहाक. पाठोपाठ विश्वजित आले. एक ट्रेलर वाकडा लागत होता. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि ड्रायव्हरवर जे काही ओरडले, त्याने पत्रे थरथरले. ड्रायव्हरही खिडकीतून तितक्याच जोरात ओरडला. ट्रेलर सरळ लागला, दोघे हसले. विश्वजितच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत नव्हता तो तजेला आला.

"सर," जयमाला त्या गोंगाटाच्या वर म्हणाली, "तुमची केबिन इथं करू या?"

गोदामाच्या बरोबर मधे, चार पायऱ्या वर, चारही बाजूंनी काच असलेली केबिन झाली. आत फिरणारी खुर्ची आणि लख्ख उजेड. काच सरकवली की हवं तितकं ओरडता येतं. विश्वजितचा रक्तदाब आता अगदी काबूत आहे. हा सगळा लाओ परंपरेचा प्रताप, असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात, पुढचं ऑफिस हिंडून दाखवतात आणि घाईघाईने मागे निघून जातात. पुढे मालतीबाई आणि बाकी मंडळी निवांत काम करतात.

ऑफिसचे फोटो मोबाइलवरून सगळीकडे फिरले आणि जयमाला 'शांततेची जाणकार' ठरली. वाशीच्या एका हॉलमध्ये तिचं त्या विषयावर भाषण झालं. आयोजकांनी पुढे केलेला माइक तिला लागला नाही.

सध्या तिच्याकडे उलव्याचा एक बिल्डर येतो. तो नुकताच भूतानला जाऊन आलाय आणि त्याला सेल्स ऑफिस तसं हवंय, समाधानी. जयमालाने वही न उघडता आधी एकच विचारलं, "तुम्ही ओरडायला कुठे बसणार?"

त्याने विचार करून सांगतो म्हटलंय.