तीन कागदांचा खिसा

बॅग घेणारा माणूस बाहेरची शिवण बघतो, पट्टा ओढून बघतो, चेन दोनदा मागेपुढे करतो आणि चालू लागतो. आतल्या अस्तराकडे तो ढुंकूनही बघत नाही. अस्तर चांगलं असेल तर त्याची आठवणसुद्धा होत नाही. वाईट असेल तर ते चेनमध्ये अडकतं आणि मग शिवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. ताईनं एकतीस वर्षं चांगली अस्तरं शिवली. म्हणजे एकतीस वर्षांत तिची आठवण कोणालाही झाली नाही.

बॅगांच्या त्या छोट्या कारखान्यात पाच मशीनं होती आणि तिचं मशीन खिडकीपाशी. तिला सगळे दोनसुती म्हणत, कारण अस्तर बॅगेपेक्षा सगळीकडून दोन सूत, म्हणजे पाव इंच, लहान कापायचं हा तिचा हट्ट होता. मापाला माप कापलं तर आत चुण्या पडतात, जास्त लहान कापलं तर कापड ताणून शिवणीत फाटतं. नव्या बायका वैतागायच्या, दोन सुतांनी काय आभाळ कोसळणार आहे म्हणायच्या. ताई त्यांचं अस्तर उसवून त्यांच्याच हातात द्यायची.

तिचा दुसरा हट्ट खिशांचा. खिसा हवा असेल तर जी वस्तू ठेवायची ती आणून द्या, माप सांगू नका. माप सांगताना माणूस खोटं बोलतो, असं तिचं ठाम मत. चष्म्याचं घर चार बोटं रुंद म्हणेल आणि असेल साडेपाच बोटं. गिऱ्हाइकं कुरकुर करत घरी जायची आणि वस्तू घेऊन परत यायची.

लग्न तिनं केलं नाही. केलं नाही म्हणजे राहून गेलं. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता, त्याचं शिक्षण झालं, लग्न झालं, मुलगी झाली, आणि या सगळ्यात ताईच्या लग्नाचा विषय कोणी काढलाच नाही. तिचीही काही तक्रार नव्हती. भावाच्या घरात स्वयंपाकघराला लागून तिची खोली होती. भाची रांगायला लागली ती त्याच खोलीत.

त्या भाचीला यंदा समुद्रापलीकडच्या शहरात नोकरी लागली. जेवताना भाऊ म्हणाला, "आता इथं राहून काय करायचं? आपण सगळेच जाऊ." ताईच्या हातातला घास हातातच राहिला. पन्नाशी उलटल्यावर प्रवास! दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिनं बाकीच्या चारही मशीनांना ऐकवून टाकलं. मालक म्हणाले छान छान, आणि कारखान्यामागची खोली रंगवून घेतोय म्हणाले. कापडाचे तागे ठेवायला असेल, असं ताईला वाटलं.

प्रवासाची बॅग तिनंच शिवायला घेतली. बाहेरून जाड तपकिरी कॅनव्हास, आतून राखाडी, गुळगुळीत, पातळ अस्तर. त्या कापडाचा एक वाईट गुण: टीप चुकली तर दोरा काढता येतो, सुईची भोकं बुजत नाहीत. म्हणून एकेक खिसा ती आधी धावदोरा घालून बघायची. भावजयीनं औषधाची बाटली आणून दिली. भाचीनं चार्जर दिला, वर आत्याच्या गळ्यात हात टाकून लाडीगोडीही केली, आणि कशी कोण जाणे, नजर मात्र चुकवली. बाटलीच्या शेजारी ताईनं स्वतःचा खिसा शिवला, तिच्या कात्रीसाठी. सगळी माणसं नवीन असतील, कात्री तरी ओळखीची असावी, एवढाच विचार.

भावाला कागदपत्रांसाठी एक खिसा हवा होता. त्यानं चिठ्ठी दिली. लांबी नऊ, रुंदी चार.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच घरात वाढलेला माणूस, लहानपणी कंपासपेटीच्या पिशवीसाठी कंपासपेटी घेऊन दोन तास तिच्यासमोर बसलेला, आणि मला चिठ्ठी देतो? तो बाहेर गेला होता. कपाट उघडंच होतं. कागदपत्रांचा लिफाफा कुठे असतो ते तिला ठाऊक होतं. त्यात लपवाछपवीचा विचार तिच्या मनातही नव्हता. तिला फक्त माप हवं होतं.

लांबी नऊ आणि रुंदी चार बरोबरच होती. पण खिसा नुसत्या लांबीरुंदीवर शिवत नाहीत. आत किती कागद, किती घड्या, यावर ढील ठरते. म्हणून तिनं कागद बाहेर काढून मोजले.

तीन तिकिटं होती.

तिनं पुन्हा मोजली. नावं वाचली. भावाचं, भावजयीचं, भाचीचं. लिफाफा उलटा करून झटकला. मग तिला कारखान्यामागची रंगवलेली खोली आठवली. ती ताग्यांसाठी नव्हती, तिच्यासाठी होती. मालकांचं छान छान आठवलं. कारखान्यातल्या बाकीच्या चारही मशीनांना जे ठाऊक होतं ते तिला एकटीला ठाऊक नव्हतं, आणि ती वेडी महिनाभर सगळ्यांना प्रवासाच्या गप्पा सांगत फिरली होती. दुःखाच्या आधी तिला लाज वाटली. संताप त्याच्यानंतर आला आणि आला तो गेलाच नाही.

तिनं तिकिटं होती तशी ठेवली, कपाट लावलं आणि कारखान्यात येऊन तीन कागदांचा खिसा शिवला. ढील अगदी नेमकी ठेवली. मग ब्लेड घेऊन कात्रीचा खिसा उसवला. राखाडी कापडावर भोकांच्या तीन ओळी राहिल्या. कापड हातभर उरलं होतं, तो भाग बदलता आला असता. दुसऱ्या कोणाचं असतं तर तिनं बदललाही असता. तिनं तसंच अस्तर जोडलं, बॅग उलटवली आणि अस्तराच्या तळाशी त्यासाठी सोडलेली फट हातानं तुरपून बंद केली.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी पलंगावर कपड्यांचा ढीग होता. भावानं बॅग उचलून धरली, वा वा केलं, ताईच्या हाताला तोड नाही म्हणाला. भावजय बाटली ठेवायला आत हात घालून चाचपत होती. तिचा हात एका जागी थांबला.

"वन्सं, इथं काही होतं का?"

"होतं. माझ्या कात्रीचा खिसा," ताई म्हणाली. "लिफाफ्यातली तिकिटं मोजली, मग उसवला."

भाची खोलीतून निघून गेली. भावजयीनं हात बाहेर काढला आणि पदराला पुसला, जणू काही लागलं होतं. भाऊ कपड्यांकडे बघत राहिला.

"ताई, मी सांगणारच होतो गं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "चिठ्ठी लिहून."

हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्यानं कपाटातून लिफाफा काढला आणि खिशात सरकवला. तो बरोबर बसला. मग त्यानं दोन साड्या ठेवल्या, शर्ट ठेवले, टॉवेल कोंबला आणि चेन ओढली. ताई दारात उभी राहून बघत होती. चेन एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, अस्तर कुठेही अडकलं नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं, अडकायला हवं होतं.