सुकेळी नंदाखालला परत आली

नेल्सनची शवपेटी घरी न थांबता विमानतळावरून थेट चर्चमध्ये गेली.

आज वर्ष झालं. त्याची आई, आमच्या आंटी, अजून तिथेच अडकल्यात.

त्यांच्या ख्रिस्ती रीतीत वारलेल्या माणसाला आधी घरी आणतात. पवित्र पाणी शिंपडतात, घरची माणसं प्रार्थना म्हणतात, मग सगळा गाव मिळून चर्चकडे निघतो.

नेल्सन आखातात नोकरीला होता, तिथेच हार्ट अटॅकने गेला. पेपर्स व्हायला इतका वेळ लागला की पेटी घरी नेऊच नका, असं सगळ्यांनी सांगितलं.

"माझा पोरगा घरी आलाच नाही," आंटी म्हणतात. दर भेटीत म्हणतात.

मी विरारची, नेल्सन जवळच्या नंदाखाल गावचा. कॉलेजपासूनची मैत्री. तो तिकडे गेल्यावर आम्ही भेटायचो ते एका गेममध्ये. अंतराळात यान उडवायचं, फरार गुन्हेगारांची यानं शोधून फोडायची आणि स्टेशनवर जाऊन इनाम क्लेम करायचं. बाउंटी हंटिंग.

त्याच्या यानाचं नाव होतं 'सुकेळी'. लांबडं, पिवळं, थोडं वाकडं. आंटी दरवर्षी अंगणात केळी वाळवून सुकेळी करतात, त्यावरून ठेवलेलं.

आणि ज्या स्टेशनवर तो मुक्काम करायचा, त्याला तो नंदाखाल म्हणायचा. "चल गं, नंदाखालला जाऊ, खूप झालं."

मला या माणसाने गेम शिकवला म्हणजे काय, नुसता ओरडला.

"आधी स्कॅन कर. वाँटेड दिसल्याशिवाय ट्रिगरला हात लावायचा नाही. साध्या माणसाला गोळी घातलीस तर पोलीस तुझ्याच मागे लागतील."

"अगं पोलिसांच्या जवळ राहा ना. त्यांना झोडू दे आधी. आपण शेवटी दोन गोळ्या मारायच्या, इनाम आपल्यालाही मिळतं."

"यानात माल भरून शिकारीला कोण जातं, येडी? चोरांना आमंत्रण देतेस?"

आणि सगळ्यात महत्त्वाची टिप, जी मी कधीच पाळली नाही: "इनाम गोळा केलंस ना, मग आधी स्टेशनवर जाऊन क्लेम कर. यान फुटलं तर सगळं जातं. अजून एक, अजून एक करू नकोस."

मला अजून एक हवंच असायचं. माझा हात एका जागी राहत नाही, आजही नाही. हे लिहिताना तीनदा उठून आले.

शेवटच्या दिवशी मात्र त्यानेच टिप मोडली. "ड्युटीला उशीर होतोय, उद्या क्लेम करू," म्हणाला आणि भर अंतराळात लॉगआउट झाला.

म्हणजे सुकेळी वर्षभर तिथेच उभी होती. हे मी आज चर्चमधली त्याच्या वर्षाची मिसा, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर घरी चहा घेताना आंटींना सहज बोलून गेले.

आंटींनी हातातला कप खाली ठेवला. "म्हणजे त्याचं जहाज बाहेरच हाय?"

"हो."

"मग आन ना घरी."

त्याच्या बॅगेतून परत आलेला लॅपटॉप त्यांनी कपाटातून काढला. पुसलेला, चार्ज केलेला. कशाला चार्ज करून ठेवत होत्या देव जाणे. लॉगिन सेव्ह होतं. गेम अपडेट होईपर्यंत मी अंगणात येरझारा घातल्या.

उघडला तर समोरच एक यान. स्कॅन केलं. वाँटेड, मोठं इनाम, पोलीस आधीच त्याला झोडत होते. शेवटच्या दोन गोळ्या मारायच्या फक्त. माझं बोट ट्रिगरवर गेलंच.

"कोन तो?"

"चोर आहे, आंटी. याला पाडलं तर नेल्सनच्या नावावर अजून जमा होईल."

"आनि त्याने तुलाच पाडलं तर?"

"तर नेल्सनने गोळा केलेलं सगळं जातं. यान आपोआप स्टेशनवर नवीन मिळतं."

"नवीन नको मला," आंटी म्हणाल्या. "हेच आन."

मी यान वळवलं. बोट दुखेपर्यंत आवरलं स्वतःला, खरं सांगते.

चोर निघाला मागे. कुठून बुद्धी झाली त्याला कोण जाणे, पोलीस सोडून आमच्यावर. सगळी पॉवर शिल्डला दिली, तरी शिल्ड गेली आणि काचेला तडे गेले. आंटींनी माझा खांदा इतका दाबला की वळ उठलाय. कसंबसं जंप मारून, एका झेपेत दूर जाऊन, सुटलो.

नंदाखाल समोर दिसलं आणि मी तशीच आत घुसायला गेले. स्टेशनवाला इंग्लिशमध्ये खेकसला.

"काय म्हनतो?"

"न विचारता आत आलात तर गोळी घालू म्हणतो."

"मग विचार त्याला. एवढी काय घाई?"

आंटी अगदी नेल्सनसारख्या ओरडल्या. सूरही तोच. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं.

परवानगी मागितली. यानाची चाकं बाहेर काढली. हळूच, खूपच हळू, सुकेळी खाली टेकवली.

"आला?" आंटींनी विचारलं.

"आला."

त्या आत गेल्या आणि पवित्र पाण्याची बाटली घेऊन आल्या. मी लॅपटॉपवर दोन्ही हात धरले. "आंटी, बिघडेल तो."

"कळतं मला." त्यांनी एक बोट भिजवलं आणि स्क्रीनच्या वरच्या कडेला छोटा क्रूस काढला. मग उभ्यानेच प्रार्थना म्हटली. मला शब्द येत नाहीत, मी नुसती उभी राहिले. वर्षभरात पहिल्यांदाच पाय हलत नव्हते.

"आता काय करतात?"

"आता क्लेम करायचं."

"मग कर. त्याची कमाई हाय ती."

बटण त्यांनीच दाबलं. मी फक्त दाखवलं कुठलं ते.

नेल्या, तू घरी आलास. आईने दारात घेतलं तुला.

आता ड्युटी नाही, घाई नाही. आराम कर, मित्रा. भावपूर्ण श्रद्धांजली, तुझ्या येडीकडून आणि आंटींकडून.