वाकड्या मानेचा पोपट

लग्न होऊन चारच दिवस झाले होते. गावच्या तिठ्यावर मी मुंबईच्या एस.टी.ची वाट बघत उभी होते. दोन्ही हात हिरव्या चुड्याने भरलेले, शेजारी नवरा आणि त्याची ट्रंक. बाबा नवऱ्याशीच पावसापाण्याच्या गप्पा मारत होते. आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे गळ्यात पडून रडावं असं कुणी नव्हतंच. गाडी आली, कंडक्टरने घंटी मारली, तेव्हा बाबा खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "चवथीक येतलंस ना गो? भिंत तुझी वाट बघतली."

मी हो म्हटलं. त्या वयात 'हो' म्हणायला काय लागतं?

भिंत म्हणजे आमच्या गणपतीच्या मागची भिंत. मातीचीच, चुन्याने सारवलेली. दर वर्षी चवथीच्या आधी जुन्या चित्रावर चुना मारायचा आणि नवं चित्र काढायचं, ही आमच्याकडची रीत. आधी बाबा काढायचे. मी बारा वर्षांची झाले आणि त्यांनी काथ्याचा कुंचला माझ्या हातात दिला. कमळं, हत्ती, वेली, आणि दोन बाजूंना दोन पोपट. उजवीकडे दिव्याचा कोनाडा होता, तिथे पोपटाचं डोकं मावेना. मग मी त्याची मान मागे वळवली. बाबा हसले, म्हणाले, असूदे. पुढे दर वर्षी उजवा पोपट मान वाकडी करूनच बसला.

पहिल्या चवथीला मला ओवसा, म्हणजे नव्या सुनेने गौरीला द्यायचं सुपांचं वाण, घेऊन सासरी उभं राहायचं होतं. दुसऱ्या वर्षी पोटात लेक होती. तिसऱ्या वर्षापासून कारण सांगायचीही गरज उरली नाही. आमचा गणपती घाटकोपरला, थोरल्या दिरांकडे. माणसं शंभर, मोदक करणाऱ्या बायका दोन, मी आणि जाऊबाई. सासूबाई म्हणायच्या, "माहेरचा गणपती भावजयीनं बघायचा असतो." गणपती दोन्ही घरी एकाच दिवशी येतो आणि सुनेला पाय दोनच असतात. मुली गावाहून निघताना हे कुणी सांगत नाही. सांगितलं असतं तरी मी निघालेच असते म्हणा.

दिंडोशीच्या आमच्या खोलीला भिंती होत्या, पण मालकाच्या. खिळा मारला तरी तो वर येऊन विचारायचा. मग मी लहान चित्रं करायला लागले, मांडीवर मावतील एवढी. नवरा मरोळच्या कारखान्यात होता, तिथल्या खोक्यांच्या फळ्या तो मला आणून द्यायचा. बाबा गावाहून येणाऱ्या कुणाकडे तरी डब्यातून अंगणातली लाल माती पाठवायचे. माती गोंदात कालवून फळीवर थापायची, तांदळाच्या पिठाने रेघा ओढायच्या, हत्तीला भाताचं तूस, वेलीला काथ्या, कमळाला जुन्या लुगड्याचा काठ. आरेच्या जंगलातून जाणाऱ्या बसने लेकीला फिरायला न्यायची आणि येताना पिशवीभर शेंगा, साली, वाळकी पानं घेऊन यायची. नवरा म्हणायचा, "लोक कचरा टाकायला जातात, तू आणायला जातेस."

पहिल्या चित्रातले पोपट मी माझ्या चुड्याच्या तुकड्यांचे केले. एकेक वाढवलेली हिरवी बांगडी मी डबीत जपून ठेवली होती. फळीवर कोनाडा नव्हता, तरी उजव्या पोपटाची मान वाकडीच झाली. हात तसाच वळला. नवरा म्हणाला, "ह्याला एकदा डॉक्टरला दाखव ना गं!"

शेजारणींनी चित्रं घेतली, त्यांच्या बहिणींनी घेतली. बायकांच्या मंडळाच्या विक्रीत टेबल मिळालं. मला वाटलं, चला, आपणही कुणीतरी आहोत. धीर करून मी अंधेरीला भेटवस्तूंच्या एका मोठ्या दुकानात गेले. शेठने सगळी चित्रं उलटसुलट करून पाहिली. "बाई, हा माल इकडे नाय चालत. असं करा, एक ठेवून जा. कोणी विचारलं तर बोलवतो." त्याने बोट ठेवलं ते नेमकं चुड्याच्या पोपटांवर. मी ठेवून आले. दोनदा जाऊन विचारलं, दोनदा तो म्हणाला, "मिळत नाय, बघतो." मग मीही नाद सोडला.

पुढे जावेच्या घरी नवी सून आली आणि माझी सुटका झाली. सासूबाईच म्हणाल्या, "जा बाई एकदाची, डोळे लावून बसलेली असतेस." मी चवथीच्या चार दिवस आधी निघाले. पिशवीत कपडे कमी आणि कुंचले, रंग जास्त. रस्ताभर मी मनात भिंत काढत होते. या खेपेला हत्तीच्या पाठीवर झूल घालायची, हेसुद्धा ठरलं होतं.

घरात शिरले ती पायसुद्धा न धुता थेट गणपतीच्या खोलीत. भिंत नव्हती. म्हणजे होती, पण सिमेंटची, सपाट, पोपटी ऑइल पेंट मारलेली. कोनाडा बुजवलेला. मधोमध एक छापील चित्र चिकटवलेलं, चकचकीत कागदाचं. कमळं, हत्ती, वेली. उजव्या पोपटाची मान मागे वळलेली.

मी जवळ जाऊन हात लावला. भाताचं तूस दिसत होतं, त्याची सावलीसुद्धा दिसत होती, आणि बोटाला सगळं गुळगुळीत. माझ्या चुड्याची चकाकी छापून आली होती. माझं नाव कुठेच नव्हतं.

सुरेश, माझा धाकटा भाऊ, मागून आला. "कसा दिसता? झकास ना? कणकवलीच्या बाजारात गावला गेल्या वर्साक. आता चुनो नको, माती नको." त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याच्यावर कसली चिडणार होते मी? तरी चिडले. मनातल्या मनात त्याला नाही नाही ते बोलले.

बाबा ओटीवर बसले होते. नजर अधू झाली होती. माझा हात धरून म्हणाले, "सुरेश बाजारातलो म्हणता, ताका काय कळता? पोपट बघलंय आणि तुझो हात वळाखलंय. तुका येवक जमणा नाय, म्हणान तू कागद धाडलंस. मातयेच्या भिंतीर कागद रवणा नाय. मगे मीच सुरेशाक म्हटलंय, चेडवान धाडल्यान हा, गिलावो कर."

बाबा, तो कागद मी पाठवला नव्हता, चोरानं पाठवला, असं सांगायचं? म्हणजे भिंत गेली ती गेलीच, वर पोरीने आठवण ठेवली हा त्यांचा आनंदही काढून घ्यायचा. "होय, बाबा," मी म्हटलं. ते हसले, आणि हळूच म्हणाले, "पण तू इल्लंस असतंस तर बरा झाला असता." हे मात्र मला आजही गिळता येत नाही. रंगांची पिशवी मी उघडलीच नाही.

मुंबईला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी अंधेरी गाठली. दुकानात त्याच चित्राची चळत लावलेली होती. मी गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवला. शेठ म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा, आणि वर फणा काढून म्हणतो, "गणपती काय तुमच्या बापाचा आहे काय? देव सगळ्यांचा."

"देव सगळ्यांचा," मी म्हटलं, "पण पोपट माझ्या बापाच्या भिंतीवरचा आहे."

गिऱ्हाइकं हसली. शेठ दुसरीकडे वळला. मी बाहेर रस्त्यावर उभी राहून रडले, आणि गाव सोडल्यापासून पहिल्यांदा मुंबईचा मनापासून राग केला. मग घरी येऊन भात लावला. लेक शाळेतून यायची होती.

पुढच्या चवथीच्या आधीच बाबा गेले, मीच तो कागद पाठवला असं समजून. सुरेश घर छान ठेवतो. या म्हणतो, मी जाते, पाहुणी म्हणून जेवते आणि परत येते. माझ्यासारख्या निघून आलेल्या बायांनो, तुम्हाला हे समजवायला नको. आणि गावात राहिलेल्यांनो, भिंती तुमच्या आहेत, त्यांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवणार. फक्त पाडण्याआधी एक पोस्टकार्ड टाका.

चित्रं मी अजून करते, विकते. एकच गोष्ट बदलली आहे. आता माती थापल्यावर सगळ्यात आधी उजवीकडे कोनाड्याएवढी चौकोनी जागा सोडते, आणि मग पोपटाची मान वळवते. गिऱ्हाईक म्हणतं, इथे काहीतरी चिकटवायचं राहिलंय. मी म्हणते, राहू दे. माझं घर आता तेवढंच आहे.